मोठ्या मापाची टोपी

पिंगळी, ता. २ मार्च १९९३

रा. रा. चंद्रभानराव यांस,

भुजंगाचा राम राम. पंधरा वर्षांत तुमाला एक ओळ लिहिली न्हाई. टपालवाला माणूस मी, रोज चाळीस-पन्नास पत्रं सायकलीवर पाच गावांत नेतो, पण तुमच्या पत्त्यावर कधी हात चालला न्हाई. आज चालवायलोय, कारण एक गोष्ट इचारायची हाय. सरळ इचारतो, तुमीबी सरळ सांगा.

तुमचं पार्सल आमच्या आबांच्या तेराव्याला, १५ फेब्रुवारीला, मिळालं. दारात शंभर माणूस बसलेलं. पुण्यात राहून इसरला असाल म्हणून सांगतो, आपल्यात बाप गेला की लेक तेरा दिवस बोडका ऱ्हातो, आन् तेराव्याला बायकोच्या भावानं त्याच्या डोक्यावर नवी टोपी चढवायची. त्याबिगर दुखवटा फिटत न्हाई. तुमी येणार न्हाईत हे सगळ्यांना ठाऊकच होतं. तितक्यात ईश्वरअप्पा पार्सल घेऊन आले. अप्पांच्या किराणा दुकानातच आमचं टपाल हाय. म्हणले, "भुजंगा, मेव्हण्याचं पार्सल. टोपीच असणार."

सगळ्यांसमोर उसवलं. आत काय, तर थर्माकोलचं अर्धं कलिंगड. वर पिवळं धमक कापड, खाली हनुवटीला आवळायचा पट्टा. शाळेचे गुरुजी म्हणले, हे सायकलवाल्यांचं हेल्मेट हाय, परदेशात घालतेत. पोरं खिदळली. बायांनी तोंडाला पदर लावले. माझ्या कानशिलाला आग लागली होती, पण आमचे चुलते तात्याराव उठले आन् म्हणले, "सोयऱ्यानं धाडलंय म्हणजे टोपीच. परत केली तर सोयरीक तुटती." आन् चढवली माझ्या डोक्यावर. पार भुवयांवर आली. इतकी मोठी की आत टॉवेल कोंबला तवा बसली.

आता इचारतो. ही थट्टा होती का? अठ्ठ्याहत्तर साली आबानं चारचौघांत तुमच्या डोक्यावरची टोपी उडवली, तेचा वचपा तुमी आबाच्या तेराव्याला काढला का? तसं असंल तर तसं लिहा. वर्षश्राद्ध झालं की ही वस्तू पार्सल करून परत करीन, आन् आपली सोयरीक तिथंच संपली असं समजीन. कमलला भाऊ होता, आता न्हाई, एवढंच तिला सांगीन.

तंवर मात्र घालणार. बापाच्या नावानं चढलेली टोपी लोक हसतेत म्हणून उतरवणारा मी न्हाई.

भुजंग बन्सीधर

* * *

पिंगळी, ता. १८ एप्रिल १९९३

रा. रा. चंद्रभानराव यांस,

दीड महिना झाला, उत्तर न्हाई. पुण्याकडची थैली मी रोज माझ्या हातानं सोडतो, म्हणून वाटेत गहाळ झालं असं तरी सांगू नका.

तुमच्या टोपीनं माझी काय गत केलीय ती ऐका. रीतीनं सव्वा महिनाच घालायची असती, तो कधीच सरला. मग उतरव की, असं तुमी म्हणाल. उतरवली असती बी. पण लोकांनी इतकी अक्कल शिकवली की आता मेलो तरी उतरवत न्हाई.

ईश्वरअप्पा म्हणतेत, "डोक्याला हवा पायजे, भुजंगा. उन्हाळ्यात मेंदू शिजंल." रोज सकाळी थैली देताना म्हणतेत. त्यांना सांगितलं, अप्पा, शिजण्यापुरता असता तर टपालात कशाला आलो असतो. गुरुजी म्हणतेत केस जातेत. केस माझ्या लग्नात होते, तेबी थोडेच. जिंतूर गाडीचा कंडक्टर दाराला लटकून वरडतो, "ओ चंद्रावरचे, तिकडचं टपाल द्या." त्याच्या गाडीत बसणारी माणसंबी आता माझी वाट बघायलीत.

नर्मदाबाई म्हणून एक म्हातारी हाय, लेकाची मनीऑर्डर येते तिला. दिसतं कमी. तिनं हात फिरवून बघितलं आन् म्हणली, "लेकरा, डोक्यात गळू झालंय का?" न्हाई म्हणलो तरी दुसऱ्या दिवशी लिंबाचा पाला वाटून ठेवलेला. लावून घेतला बाबा. न्हाई तर तिनं पैशावर अंगठा दिला नसता.

तात्यारावांचं तर इचारूच नका. ज्यांनी चढवली तेच आता म्हणतेत की वरून पटका बांध, म्हणजे दिसायला बरं. बांधला एक दिवस. मडक्यावर धुणं वाळत घातल्यावाणी दिसलो. मग म्हणले, आतून पांढरी टोपी घाल. घातली, तर म्हणले, "टोपीवर टोपी म्हणजे बापावर बाप." आता काय करावं माणसानं.

एक जण मात्र असं बोलला की जेवण गेलं न्हाई. बाजारात भेटला, नाव कशाला सांगू. म्हणला, "तुझ्या बापाचं मरण सायकलीवरच लिहिलं होतं. टोप्या घालून लिहिलेलं पुसतंय का?" सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो.

आबा कसे गेले ते तुमाला कुणी कळवलं असंलच. धोतराचा सोगा चेनीत गेला, रेल्वे गेटच्या उतारावर पडले, डोकं दगडावर. माझी सायकल घेऊन गेले होते. बाकी कधी लिहीन, न्हाई तर न्हाई लिहिणार.

भुजंग

* * *

पिंगळी, ता. २५ जुलै १९९३

चंद्रभानराव यांस,

काल पंचमी झाली. कमलनं झोका बांधला न्हाई. गीता म्हणली, आई, एक तर झोका घे, तर म्हणली दोरी जुनी झालीय. दोरी नवी होती, मीच आणलेली.

आता रागानं लिहीत न्हाई. परवा एक बोलणं झालं, ते तुमच्यापर्यंत पोचवणं माझं काम हाय असं वाटलं.

सटवाजी ठाऊक हायत का तुमाला? रेल्वेत गँगमन होते, आता घरी असतेत, रेल्वे रुळापलीकडच्या वस्तीत. त्यांच्या पोराचं रजिस्टर पत्र द्यायला गेलो. म्हणलं, आता हेबी काय तरी अक्कल सांगणार. तर त्यांनी टोपी बघितली आन् म्हणले, "चांगली हाय. घालत जा." पाच महिन्यांत पैला माणूस. मी इचारलं, कामून चांगली? म्हणले, "मी तीस वर्षं रुळावर काम केलंय. डोकं एकदाच फुटतंय." मग पाणी दिलं. मी पिलो. मग म्हणले, "तुमच्या मेव्हण्यानंबी हितंच बसून पाणी पिलं होतं, अठ्ठ्याहत्तरला."

मला हे पंधरा वर्षांत कुणी सांगितलं न्हाई. त्या दिवशी आमच्या दारातून निघाल्यावर तुमी वस्तीवरून गेलाव. डोकं बोडकं, ऊन हे एवढं. सटवाजींनी इचारलं, कोण गेलं तुमच्या घरचं? तुमी म्हणलाव, कुणी न्हाई, टोपी पडली. तेव्हा त्यांनी आपला रुमाल दिला आन् तुमी तो डोक्याला बांधून स्टेशनात गेलाव. बरोबर हाय का?

आता माझं सांगतो. तुमी त्या साली कॉलेजात होता. बहिणीला पंचमीला न्यायला मुराळी म्हणून आलाव, आईनं दिलेली नवी टोपी घालून. तो आठवडाच वाईट होता. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं होतं, वस्त्यांवर काय झालं ते आपण दोघांनी बघितलंय. आबानं ओट्यावर सगळ्यांसमोर इचारलं, काय पाव्हणं, तुमचं काय म्हणणं? दुसरा असता तर म्हणला असता, आपल्याला काय करायचंय. तुमी म्हणलाव, "बाबासाहेबांचं नाव द्यायला पायजे. आन् लोकांची घरं जाळणाऱ्याला माणूस म्हणू ने." वीस वर्षांचं वय तुमचं. आबाचा हात उठला. "माझ्या उंबऱ्यात परत पाय ठेवायचा न्हाई," म्हणले.

मी दारातच होतो. काय केलं मी? खाली बघितलं. तुमचं म्हणणं मला पटलं होतं का न्हाई, ते मी तवा मनालाबी इचारलं न्हाई. बाप बोलतोय म्हणल्यावर गप ऱ्हायचं, एवढंच शिकलो होतो. कमल पिशवी भरून उभी होती. तिनं ती पिशवी परत सोडली, तेबी मी बघितलं. त्यानंतर ती माहेरी गेली ती तुमी तिथं नसताना.

हे पंधरा वर्षं लिहायचं राहिलं होतं. आता लिहिलं.

भुजंग

* * *

पिंगळी, ता. १२ ऑक्टोबर १९९३

चंद्रभानराव,

तुमचं कार्ड आज पोचलं. तुमच्या बहिणीच्या हातात मीच दिलं. "भूकंपाचं वाचलं, सगळे सुखरूप आहात का, लगेच कळव." एवढंच. मला एक शब्द न्हाई. पण पत्त्यात "द्वारा भुजंग बन्सीधर" असं लिहावं लागलं तुमाला. चालतंय, तेवढंबी चालतंय.

आमी सुखरूप हावो. भांडी वाजली, भिंतीला एक चीर गेली, बाकी काय न्हाई. किल्लारीकडं जे झालं ते लिहवत न्हाई. आमच्या गावातून दोन ट्रक भाकरी आन् चादरी गेल्या. सटवाजी आन् तात्याराव एकाच ट्रकात बसून गेले. आबा असते तर काय म्हणले असते कुणास ठाऊक.

त्या दिवसापासून सगळं गाव अंगणात झोपायलंय. आन् ऐका, तात्याराव गेल्या आठवड्यात माझ्याकडं आले, आवाज बारीक करून म्हणले, "ती तुझी टोपी आजच्या दिस दे. नातवाच्या डोक्याला घालतो." दिली. पोरगं चार दिवस ती घालून झोपलं. पाचव्या दिवशी परत आणून दिली आन् म्हणले, "तशी वस्तू वाईट न्हाई. रंग तेवढा चुकला."

आणिक एक गंमत. आता टोपीवर कुणी बोलायला लागलं की शेवटी बोलणं आबांवर येतं. अप्पा सांगत होते, आबा त्यांच्या दुकानात बसून एक बिडी दोन वेळा ओढायचे, अर्धी कानावर ठेवायचे. नर्मदाबाईनं सांगितलं, आबानं तिची म्हैस विहिरीतून काढली होती. मला हे कधीच ठाऊक नव्हतं. दुखवट्यात सगळे येऊन गप बसून गेले. टोपी आल्यावर बोलायलेत.

कार्ड लिहीत जा. माझ्या नावानं न्हाई लिहिलं तरी चालंल.

भुजंग

* * *

पिंगळी, ता. १५ जानेवारी १९९४

चंद्रभान,

राव लावायचं आज सुचत न्हाई.

परवा भोगीला कमलनं घरातलं सगळं धुवायला काढलं. म्हणली, टोपीवरचं पिवळं कापड घामानं काळं पडलंय, द्या. वर्षभर मला ठाऊक नव्हतं की ते कापड निघतं. तिनं ओढलं आन् आतून घडी घातलेली चिठ्ठी पडली. तुमचं अक्षर. घामानं थोडं फुटलंय, पण वाचता येतं. तुमीच लिहिलंय तरी परत लिहितो, कारण मला ते लिहून बघायचंय.

"आबा, कमलनं कळवलं की दिवाळीत तुम्ही सायकलीवरून पडलात आणि डोक्याला टाके पडले. मी हल्ली सायकलच्या टोप्या करणाऱ्या कारखान्यात आहे. पटका तुम्ही सोडणार नाही, म्हणून सगळ्यात मोठ्या मापाची पाठवतोय. पटक्यावरून बसेल. माझ्यावरचा राग राहू द्या, पण ही घाला. चंद्रभान."

मी कमलकडं बघितलं. ती खाली बसली. गीताकडून तिनं ते पत्र लिहून घेतलं होतं आन् परभणीच्या बाजारातल्या पेटीत टाकलं होतं, माझ्या थैलीत पडू ने म्हणून. मी म्हणलो, तेराव्याला बोलली कामून न्हाईस? म्हणली, "पार्सल उसवलं तवाच मला समजलं. पण मी तोंड उघडायच्या आत तुमच्या डोक्यावर चढलीबी होती. शंभर माणसांत काय सांगू, ही मेलेल्या माणसाची हाय म्हणून? आन् मग तुमी ती रोज घालायला लागलाव. माझ्या भावाची वस्तू तुमी डोक्यावर घेऊन पाच गावं फिरायलाव. मी कशाला मोडू?"

मग पार्सलचं कापड हुडकलं. तिनं त्याची तिळाची पुरचुंडी केली होती. शिक्का पुसट, पण हाय. पुणे, १ फेब्रुवारी. आबा गेले ३ तारखेला. अप्पांच्या दुकानात पार्सल ७ तारखेलाच आलं होतं. अप्पांनी वरचं आबांचं नाव सोडून सोयऱ्याचंच नाव वाचलं, दुखवट्याची टोपी तेराव्याच्या आत द्यायची नसते म्हणून आठ दिवस गुळाच्या ढेपीशेजारी जपून ठेवलं. त्यांना सांगितलं तर बिचारे कपाळाला हात लावून बसले. पण अप्पांना काय बोलू. चौदा वर्षं शिक्के वाचून पोट भरतोय मी, आन् हाच एक शिक्का वाचला न्हाई. रागानं उसवलं की असंच होतं.

आन् अजून एक. आबा गेल्याची तार मी तुमाला केलीच नव्हती. तार लिहिणारा मीच, पाठवणारा मीच, आन् तुमच्या नावाला थांबलो, दुसरं कुणी कळवंल असं धरून. म्हणजे आबा गेले हे तुमाला माझ्या त्या पैल्या पत्रानं कळालं. ज्यांना टोपी पाठवली ते न्हाईत, आन् त्यांचा लेक इचारतोय थट्टा केली का. आता समजलं, तुमचं उत्तर कामून आलं न्हाई. मी तुमच्या जागी असतो तर कार्डबी टाकलं नसतं.

सगळं लिहायला बसलोय तर हेबी लिहितो. सायकलीचं चेनकव्हर मी दिवाळीतच काढून ठेवलं होतं. खडखड वाजायचं. उद्या बसवू, उद्या बसवू म्हणलं. ते असतं तर आबांचं धोतर चेनीत गेलं नसतं. हे मी कमललाबी सांगितलं नव्हतं. टोपी घालून हिंडायलो ते लोकांच्या नाकावर टिच्चून असं मी म्हणत होतो. खरं तसं न्हाई. कुणी तरी मला रोज आबांचं इचारावं असं वाटत होतं, आन् लोक टोपीचंच इचारत होते.

काल संक्रांत. रेडिओवर ऐकलं असंल तुमी, विद्यापीठाला नाव लागलं. मी टपाल घेऊन वस्तीत गेलो तर गुलाल, ताशा, बाया नाचायल्या. सटवाजींनी माझ्या पिवळ्या टोपीवर गुलाल टाकला आन् तिळगूळ दिला. म्हणले, "मेव्हण्याला कळवा." कळवायलोय.

अधिक महिना आला म्हणून आबांचं वर्षश्राद्ध पुढं गेलंय, २२ फेब्रुवारीला हाय. ती टोपी परत पाठवीन असं मी लिहिलं होतं. पाठवत न्हाई. तुमी या. सोयऱ्याच्या हातानं टोपी चढल्याबिगर दुखवटा फिटत न्हाई, आन् माझ्या डोक्यावर ती तुमच्या हातानं चढली न्हाई. वरीस झालं, मी अजून दुखवट्यातच हाय. आबानं बंद केलेला उंबरा उघडायला आबा न्हाईत, तर मी उघडतो. मला पंधरा वर्षं लागली, माफ करा.

तुमचा,
भुजंग

* * *

पिंगळी, ता. ८ फेब्रुवारी १९९४

चंद्रभानराव,

तुमचं पत्र पोचलं. माझ्या नावानं. थैलीत बघितलं तवा अप्पा समोर होते, म्हणून तिथं फोडलं न्हाई. पाची गावं वाटून झाली, मग घरासमोर सायकल थांबवली, घंटी वाजवली आन् वरडलो, "टपाल." कमल बाहेर आली, म्हणली, खुळे झालाव का. मग अंगणात उभं राहूनच वाचलं, मोठ्यानं. "२१ तारखेच्या गाडीनं येतो" इथं आलो तर ती आत पळाली. आतून झोक्याच्या दोरीचा आवाज आला. पंचमीला अजून सहा महिने हायत, तरी बांधला.

तात्याराव म्हणतेत, मेव्हण्याला म्हणावं अशा टोप्या अजून मिळतेत का. नातवाला सायकल घेतलीय. निळा रंग असंल तर बरं, म्हणले. अक्कल देणं काय सुटत न्हाई त्यांचं. आणल्या तर आणा एक. आणि एक लहान मापाची गीतालाबी, ती सायकलीवर परभणीच्या कॉलेजात जायचं म्हणायलीय. गावानं तिच्यावरबी तोंडसुख घ्यायला सुरुवात केलीय, म्हणजे तिचं चांगलंच होणार.

चेनकव्हर बसवलं. वाजतंय. वाजू दे.

तुमी लिहिलंय की माझ्यासाठी साधी पांढरी टोपी आणतो, हातानं चढवतो. आणा. पण येताना एक करा. आपल्यात पाव्हणा बोडका येत नसतो, ठाऊक हाय. लोक काय म्हणतील तेबी ठाऊक हाय. म्हणू द्या, त्यांची सवय आता मला झालीय.

त्या दिवशी तुमी गेल्यावर ओट्याखाली तुमची टोपी पडली होती. आबा आत गेले तवा मी ती उचलली. झटकली आन् माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली ठेवली. पाठवायची हिंमत झाली न्हाई, टाकायचीबी झाली न्हाई. कमलला काल दाखवली. तिनं धुतली, खळ दिली, इस्त्री केली. बसंल का न्हाई ते बघू, पंधरा वर्षांत माणसाचं माप बदलतं.

म्हणून म्हणतो, स्टेशनावर बोडकं उतरा. तुमची टोपी हितं हाय.

भुजंग